पुलाआधीची यादी

अमेरिकेत महामार्गांवर आणि सार्वजनिक वाहतुकीवर संघीय सरकारचा मोठा पैसा खर्च होत असला, तरी कोणत्या शहरात कोणता पूल आधी बांधावा, हे सहसा वॉशिंग्टनमध्ये ठरत नाही. पन्नास हजारांहून अधिक वस्तीच्या नागरी क्षेत्रांत असा खर्च करण्यापूर्वी राज्य आणि स्थानिक शासनांनी मिळून सातत्यपूर्ण व सर्वंकष नियोजन केले पाहिजे, अशी अट १९६२ च्या कायद्याने घातली, आणि त्यातूनच पुढे ‘महानगर नियोजन संस्था’ रुजल्या. आज त्यांची संख्या चारशेहून अधिक आहे. त्यांच्या मंडळांवर महापौर, काउंटींचे (म्हणजे साधारण जिल्ह्यांचे) निर्वाचित सदस्य आणि राज्य परिवहन विभागाचे अधिकारी बसतात, मात्र बहुतेक संस्था स्वतः रस्ते बांधत नाहीत.

त्यांची खरी सत्ता कागदावरची आहे. किमान वीस वर्षांचा दीर्घकालीन आराखडा आणि त्यातून निवडलेल्या, किमान चार वर्षांत हाती घ्यायच्या कामांची यादी त्या तयार करतात, आणि नागरी क्षेत्रातले जे काम या यादीत नाही त्याला संघीय पैसा मिळत नाही. या यादीला शिस्त आली ती १९९१ च्या कायद्याने: जेवढा निधी मिळण्याची वाजवी अपेक्षा आहे, तेवढीच कामे तिच्यात घालता येतात. सर्वांना सर्व काही देण्याचे आश्वासन या एका अटीमुळे अशक्य होते, म्हणून साऱ्या व्यवस्थेतली ही सर्वांत मोलाची तरतूद मानली पाहिजे.

निधीची बाजू मात्र दुबळी आहे. पेट्रोलवरचा संघीय कर १९९३ पासून गॅलनमागे १८.४ सेंटवरच थांबला असल्याने १९५६ मध्ये स्थापन झालेल्या महामार्ग न्यास निधीला २००८ पासून सर्वसाधारण तिजोरीतून वारंवार भर घालावी लागली आहे. शिवाय संघीय वाटा सामान्यतः ८० टक्के असतो, उरलेला पैसा राज्याने किंवा स्थानिक शासनाने उभा करायचा असतो, आणि महामार्गांच्या कामांत संघीय वाटाही खर्च झाल्यानंतर, बिले सादर केल्यावरच परतफेड म्हणून मिळतो. त्यामुळे ज्या लहान नगरांना पुलाची गरज सर्वाधिक आहे, त्यांनाच आपला हिस्सा जमवणे जड जाते आणि त्यांचा प्रस्ताव यादीपर्यंत पोहोचतही नाही.