कार्ड आहे, पण यादीत नाव आहे काय?

विधानसभेची निवडणूक जाहीर झाली की वस्तीत झेंडे लागतात, भोंगे फिरतात, आणि उमेदवार कोण याची चर्चा नाक्यानाक्यावर रंगते. मतदार यादीत आपले नाव आहे काय, हे पाहणारे मात्र थोडेच असतात. संस्थेच्या सभासदांसाठी व विशेषतः विद्यार्थ्यांसाठी याच दुर्लक्षित बाबीविषयी आम्ही येथे लिहीत आहोत.

१९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली. त्या काळी मताचा हक्क मालमत्ता, शेतसारा, प्राप्तिकर अशा गोष्टींवर ठरत असे. पुढे संविधानाच्या कलम ३२६ ने तो सर्व प्रौढांस दिला, आणि २८ मार्च १९८९ पासून वयाची अट २१ वरून १८ वर आली. एवढ्या झगड्याने मिळालेला हक्क आज बुडतो तो बहुधा एका साध्या कारकुनी कामावाचून.

ओळखपत्र खिशात आहे म्हणजे मत आहे, हा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. कार्ड आपण कोण एवढेच सांगते, मत देता येते ते यादीतील नावामुळे. चाळ पडते, झोपड्यांच्या जागी इमारत उभी राहते, कुटुंब संक्रमण शिबिरात जाते. कार्ड ट्रंकेत तसेच राहते आणि पत्त्यावर कोणी सापडले नाही म्हणून नाव वगळले जाते. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव वर्षानुवर्षे माहेरच्या यादीत राहते. तिला मतदानासाठी गावी पाठविण्याचा खर्च कोण करणार?

नवीन नावासाठी नमुना ६, आणि पत्ता बदलला किंवा नाव, वय चुकले असल्यास नमुना ८ भरावा. १८ वर्षे पूर्ण होण्यासाठी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात. म्हणून विद्यार्थ्यांनी वर्षभर थांबू नये. वसतिगृहात राहणाऱ्यास तेथेही नोंद करता येते, मात्र गावाकडचे नाव ठेवून नव्हे. दोन ठिकाणी नोंद कायद्याने चालत नाही. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरते यादीत नवे नाव येत नाही. आमच्या पाहण्यात बहुतेकांची धावपळ नेमकी त्यानंतर सुरू होते!

मतदानाच्या दिवशी कार्ड सापडले नाही तरी आधार, पॅन, वाहन परवाना, छायाचित्र असलेले बँकेचे पासबुक यांपैकी एक चालते. कॉलेजचे ओळखपत्र किंवा रेशन कार्ड चालत नाही. रोजंदारीच्या कामगारासही त्या दिवशी पगारी सुटीचा हक्क आहे. अंध वा दुर्बल मतदारास १८ वर्षांवरील सोबती नेता येतो. ८५ वर्षांवरील वृद्धांना घरून मत देता येते. त्यासाठी अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२-ड द्यावा लागतो. बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्रात चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती पाहूनच बाहेर यावे.

आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेला असेल तर भांडून परत फिरू नये. मतदान केंद्राध्यक्षाकडे ओळख पटवून प्रदत्त मत मागावे. ते यंत्रात न देता कागदी मतपत्रिकेवर देतात आणि पाकिटात वेगळे ठेवतात. नेहमीच्या मोजणीत ते धरत नाहीत, पण निकालाचा वाद न्यायालयात गेल्यास त्याला किंमत येते. त्यापेक्षा सकाळी लवकर जाणे बरे.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी आणि साकोलीचा २०८ मतांनी लागला. एवढे मतदार आपल्या दोन गल्ल्यांत राहतात.

यासाठी आमची सूचना अशी की, एखाद्या रविवारी विहारात आपल्या भागाची यादी आणून घरवार वाचावी. कोणाचे नाव नाही, कोण मयत, कोण स्थलांतरित, याची टिपणे करून मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यास भेटावे. १९५० या दूरध्वनी क्रमांकावरही चौकशी होते. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांचे अर्ज आपल्या विद्यार्थ्यांनी भरून द्यावेत, आणि प्रत्येक अर्जाचा पोच क्रमांक वहीत उतरवून ठेवावा. अर्ज कोठे अडला हे त्यावरूनच कळते.