रंगमंचाचे वस्त्र आणि सरावाचे वस्त्र : महायुद्धोत्तर बॅले व फॅशन यांविषयी शब्दांची साक्ष

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात पाश्चात्त्य स्त्रियांच्या वेषभूषेवर बॅलेचा मोठा प्रभाव पडला, असे विधान वेषभूषेच्या इतिहासग्रंथांत वारंवार आढळते. त्याच्या पुष्ट्यर्थ बहुधा एकच उदाहरण पुढे केले जाते. ते म्हणजे १२ फेब्रुवारी १९४७ रोजी क्रिस्तियाँ दिऑर याने पॅरिसमध्ये सादर केलेले, आवळलेल्या कमरेचे व विपुल घेराचे कपडे. प्रस्तुत लेखात या विधानाची तपासणी वस्त्रांच्या नावांवरून करावयाची आहे. एका क्षेत्रातील वस्तू दुसऱ्या क्षेत्रात गेली असता तिचे नाव बरोबर जाते की मागे राहते, हे पाहणे भाषाभ्यासकास नेहमीच उद्बोधक ठरते. पोर्तुगीजांबरोबर बटाटा आपल्याकडे आला तो नावासकट, हे सर्वविदितच आहे.

प्रारंभीच एक खुलासा केला पाहिजे. मराठीत 'बॅले' हा शब्द नृत्यनाट्य या व्यापक अर्थाने रूढ झाला. शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या 'लिट्ल बॅले ट्रूप' या संस्थेच्या नावात तो त्याच अर्थाने आला आहे. येथे मात्र तो युरोपातील अभिजात नृत्यपद्धतीपुरताच मर्यादित समजावा.

या काळाचा विचार करताना कापडाची टंचाई दृष्टीआड करून चालणार नाही. ब्रिटनमध्ये कपड्यांचे शिधावाटप जून १९४१ मध्ये सुरू झाले ते मार्च १९४९ पर्यंत टिकले. पहिल्या वर्षी प्रौढ माणसास ६६ कुपने मिळत आणि लांब बाह्यांच्या एका लोकरी झग्यास त्यांपैकी ११ खर्ची पडत. अशा स्थितीत २० फेब्रुवारी १९४६ रोजी लंडनचे कॉव्हेंट गार्डन नाट्यगृह, जे युद्धकाळात सार्वजनिक नाचघर म्हणून वापरले जात होते, 'द स्लीपिंग ब्यूटी' या बॅलेने पुन्हा उघडले. ऑलिव्हर मेसेल याने आखलेली वेषभूषा व नेपथ्य आणि मार्गो फाँटेनची राजकन्या पाहावयास जमलेल्या प्रेक्षकांच्या स्वतःच्या अंगावर जुनेच कपडे होते. तेव्हा रंगमंचावरील जाळीदार वैभवाचे त्यांना आकर्षण वाटले असल्यास ते सहज समजण्यासारखे आहे.

पॅरिसमध्ये तर बॅले आणि वस्त्रव्यवसाय यांत माणसेही तीच होती. युरोपातील युद्ध संपण्यापूर्वीच, मार्च १९४५ मध्ये, तेथील नामांकित वस्त्रकारांनी एक प्रदर्शन भरविले. कापड अपुरे असल्यामुळे त्यांनी तारेच्या सुमारे ७० सेंटिमीटर उंचीच्या बाहुल्या करविल्या आणि नव्या हंगामाचे कपडे त्या मापात शिवून त्यांना नेसविले. चिमुकल्या गुंड्या व काजी खऱ्याच होत्या. या प्रदर्शनाचे कलादिग्दर्शन क्रिस्तियाँ बेरार याने केले आणि त्यात बोरिस कोख्नो याचाही हात होता. त्याच महिन्यात, त्याच शहरात, रोलाँ पेती याचा 'ले फोरें' हा बॅले रंगमंचावर आला. त्याची संहिता कोख्नोची, तर नेपथ्य व वेषभूषा बेरारची. गावोगाव फिरणाऱ्या दरिद्री खेळकऱ्यांची ती कथा आहे. खेळ संपतो, जमलेले लोक पैसे न देताच पांगतात आणि खेळकरी गाशा गुंडाळून पुढे निघतात. स्वतः दिऑरने १९४७ मध्ये पेतीच्या 'तेरा नृत्ये' या रचनेसाठी वेषभूषा केली. संबंध होता, याविषयी संशय नाही.

तथापि शब्दांकडे वळले की चित्र निराळे दिसू लागते. दिऑरने आपल्या त्या कपड्यांच्या एका प्रकारास 'कोरोल' म्हणजे पुष्पमुकुट असे नाव दिले व दुसऱ्यास '८' या आकड्याचे. पैकी एक फुलावरून आले, दुसरे आकृतीवरून. 'न्यू लुक' हे जगभर पसरलेले नाव तर एका अमेरिकन नियतकालिकाच्या संपादिकेच्या उद्गारातून निघाले. ज्या वस्त्रास बॅलेचे अपत्य म्हटले जाते, त्याने बॅलेकडून एकही शब्द घेतला नाही. नर्तकीच्या जाळीदार घेरास फ्रेंचमध्ये 'तुत्यू' म्हणतात, आणि मुळात हा शब्द लहान मुलांच्या बोलीतील, पार्श्वभागाचा वाचक आहे. तो मात्र रंगमंचावरच राहिला. येथे एक आक्षेप संभवतो. १९५० च्या सुमारास पोटरीपर्यंत येणाऱ्या झग्यास 'बॅलेरिना लांबी'चा झगा म्हणत. हे खरे आहे, आणि ही लांबी १८३२ च्या 'ला सिल्फीद'पासून रूढ झालेल्या नर्तकीच्या घेराशी जुळते. परंतु येथे रंगमंचाकडून रस्त्यावर आले ते केवळ एक माप होय, वस्तू नव्हे.

पादत्राणांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. अमेरिकेत १९४३ मध्ये चामड्याच्या पादत्राणांवर शिधावाटप आले, पण नर्तकींच्या मऊ सपाता त्यातून मुक्त होत्या. क्लेअर मॅकार्डेल या वस्त्रकर्त्रीने कपेझिओ या, नर्तकांचे जोडे करणाऱ्या जुन्या पेढीकडून अशा सपाता रस्त्यावर टिकेल असा तळ लावून करून घेतल्या व आपल्या झग्यांच्या जोडीस दिल्या. पॅरिसमध्ये रोलाँ पेतीची आई रोझ रेपेतो हिने १९४७ मध्ये ऑपेराच्या नजीक नृत्याच्या जोड्यांची कर्मशाळा काढली. तिची रीत अशी : जोडा आतली बाजू बाहेर ठेवून तळाशी शिवावयाचा आणि मग मोजा उलटावा तसा उलटावयाचा. त्यामुळे शिवण आत जाते, तळ लवचीक राहतो आणि पायास काच होत नाही. १९५६ मध्ये ब्रिजित बार्दो हिच्यासाठी याच रीतीने रस्त्यावर वापरावयाचा जोडा तयार झाला. बार्दोने लहानपणी बॅलेचे शिक्षण घेतले होते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

या जोड्यास फ्रेंचमध्ये 'बालरीन' असे नाव पडले. जर्मन व इटालियन भाषांतही तेच रूप थोड्या फरकाने चालते. पण फ्रेंच नर्तकी आपल्या सरावाच्या जोड्यास 'बालरीन' म्हणत नाही, 'शोसों' म्हणते. म्हणजे रस्त्यावरचा शब्द हा धंद्यातला शब्द नव्हे. वापरणारणीचे नाव वस्तूस देऊन बाहेरच्यांनी तो लक्षणेने बनविला आहे. आपल्याकडे कोल्हापुरी, पैठणी ही नावे स्थानावरून व नऊवारी हे मापावरून आले. वापरणाऱ्यावरून आलेले ठळक नाव म्हणजे गांधीटोपी, आणि तेही व्यक्तीचे, व्यवसायाचे नव्हे.

अंगासरशा सरावाच्या वस्त्राचे 'लिओटार्ड' हे इंग्रजी नाव याच जातीचे आहे. झ्यूल लेओतार (१८३८–१८७०) हा झुल्यावरच्या कसरती करणारा फ्रेंच कसरतपटू होता. तो स्वतः या वस्त्रास 'मायो' म्हणे. त्याचे नाव त्यास मागाहून चिकटले. ('मायो' हे पॅरिस ऑपेराच्या एका कपडेवाल्याचे आडनाव होते, अशी कथा सांगतात. तिच्यावर भिस्त ठेवू नये. तान्ह्या मुलास गुंडाळण्याचे वस्त्र या अर्थी तो शब्द फार जुना आहे.) १९४३ च्या सुमारास अमेरिकेत मिल्ड्रेड ऑरिक व मॅकार्डेल यांनी विणलेल्या लोकरी कापडाचे हे वस्त्र महाविद्यालयीन तरुणींसाठी पुढे आणले. येथेही वस्तू व शब्द जोडीनेच आले.

सरावाच्या वस्त्राचे हे महत्त्व पुढे रंगमंचानेही मान्य केले. न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज बॅलंशीन याच्या 'द फोर टेंपरमेंट्स'चा पहिला प्रयोग १९४६ मध्ये कुर्त सेलिगमान याच्या अवजड वेषांत झाला आणि त्या वेषांखाली नर्तकांच्या हालचालीच झाकल्या गेल्या. १९५१ पासून तो सरावाच्या कपड्यांत होऊ लागला. 'कॉन्चेर्तो बारोक्को'चेही त्याच वर्षी तसेच झाले. १९५७ चा 'आगोन' आरंभापासूनच काळ्या-पांढऱ्या सरावाच्या वेषात आला. यात पैशाची बचत होती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण बचत हेच कारण असते, तर पैसा आल्यावर जुने वेष परत यावयास हवे होते. ते आले नाहीत. जाळीच्या वस्त्रातही याच सुमारास फेरबदल झाला. बॅलंशीनची वस्त्रकर्त्री कारिंस्का हिने १९५० मध्ये 'सिंफनी इन सी'साठी आतील तारेचे कडे काढून टाकले आणि जाळीचे सहा-सात थर एकमेकांस सैल टाके घालून जोडले. कड्याचा घेर शेजारणीस घासला की थाळीसारखा एका बाजूस उचलला जाई, आणि रंगमंचावर गर्दी असली म्हणजे हे वरचेवर घडे.

एक गोष्ट नमूद करावयाची राहिली. 'लिओटार्ड' हे नाव इंग्रजीने घेतले. खुद्द लेओतारच्या भाषेत ते रुजले नाही. आज पॅरिसच्या नृत्यशाळेत त्या वस्त्रास 'झ्युस्तोकोर' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'अंगाबरोबरचे'. सतराव्या शतकात हाच शब्द पुरुषांच्या गुडघ्यापर्यंतच्या भरजरी डगल्यास लावीत. १६६१ मध्ये पॅरिसमध्ये नृत्याची राजकीय अकादमी स्थापणारा आणि स्वतः बॅलेत नाचणारा चौदावा लुई राजा तो डगला वापरीत असे.