जागेचे व्यवहार : भाग 9 – खिदिरपूरच्या दलालांनी जमायचे कुठे?

मागच्या भागात दलालाच्या रेरा नोंदणीबद्दल लिहिले होते. आता त्याच्या पुढचे. एकाच भागात काम करणाऱ्या एजंटांनी आपसातली माहिती ऑनलाइन कुठे ठेवावी? याचे उत्तर शोधायला मी कोलकात्याचे खिदिरपूर घेतो आहे. जिथे कागदपत्रे सरळ असतात, तिथे कुठल्याही समूहावर भागते. खिदिरपुरात ती सरळ नसतात.

इथली गोदी 1892 साली सुरू झाली आणि तिच्याभोवती वस्ती दाटत गेली. मुन्शीगंज, एकबालपूर, वाटगंज या भागांत बंगाली, उर्दू आणि हिंदी शेजारी नांदतात. जमीन कट्ठ्यात मोजतात. एक कट्ठा म्हणजे 720 चौरस फूट, आणि त्याचे 16 छटाक. आपल्या सातबाऱ्याच्या जागी तिकडे ‘पर्चा’ मागतात. बंदराच्या जमिनी भाडेपट्ट्याने दिलेल्या, कुठे वक्फची मिळकत, आणि जुन्या बस्त्यांमध्ये ‘ठिका’. ठिका म्हणजे जमीन एकाची आणि तिच्यावरचे बांधकाम दुसऱ्याचे. 1981 च्या कायद्याने अशी जमीन राज्य सरकारकडे गेली, बांधकाम ठिका-भाडेकरूकडे राहिले. आज 2001 चा कायदा लागू आहे, आणि अशी मिळकत नेहमीच्या खरेदीखताने विकून मोकळे होता येत नाही. हे गिऱ्हाइकाला बयाणा दिल्यावर कळले, तर त्याची आयुष्यभराची पुंजी अडकते.

म्हणून इथल्या दलालांची खरी गरज जुनी माहिती हाताशी असण्याची आहे. अमुक गल्लीतली इमारत ठिका जमिनीवर आहे, तमुक घराच्या वारसांत दावा चालू आहे, हे कुणीतरी कधीतरी समूहात लिहिलेले असते. पण व्हॉट्सअ‍ॅपवर ते ‘टू बीएचके, लिफ्ट, अर्जंट’ अशा शेकडो निरोपांखाली गाडले जाते. एका समूहात 1,024 माणसे बसतात, पण नव्याने आलेल्याला वर्षभरापूर्वीची चर्चा दिसत नाही. आजचा फ्लॅट आजच दाखवायला व्हॉट्सअ‍ॅप उत्तम आहे. इमारतीचा इतिहास तिथे ठेवू नये.

टेलिग्रामवर समूहाचे विषयवार कप्पे करता येतात आणि नव्या सदस्याला मागचे सगळे वाचता येईल अशी सोय ठेवता येते. वाटगंजचा एक कप्पा, एकबालपूरचा दुसरा, ठिक्याचा वेगळा. फेसबुकच्या समूहात गिऱ्हाईक भेटते, पण कोणता मजकूर वर दिसावा हे बरेचसे फेसबुक ठरवते. डिस्कोर्ससारखी मुक्त-स्रोत प्रणाली स्वतःच्या सर्व्हरवर चालवली, तर प्रत्येक इमारतीचे स्वतंत्र पान होते आणि माहिती आपल्या ताब्यात राहते. मात्र सर्व्हरचे भाडे भरणारा आणि रोज लक्ष घालणारा माणूस लागतो. पन्नास-साठ दलालांच्या गटाने टेलिग्रामपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. संघटनेकडे पगारी कारकून असेल, तर स्वतःच्या प्रणालीकडे जावे.

आत कोणाला घ्यायचे, हा प्रश्न जागेच्या निवडीपेक्षा मोठा आहे. पश्चिम बंगालने 2017 मध्ये स्वतःचा वेगळा गृहनिर्माण कायदा केला होता; सर्वोच्च न्यायालयाने 4 मे 2021 रोजी तो रद्द केला आणि तिथेही केंद्राच्या 2016 च्या रेरा कायद्याचीच वाट मोकळी झाली. त्याच्या कलम 9 प्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पातले घर विकून देणाऱ्या एजंटालाही नोंदणी घ्यावी लागते. तो क्रमांक राज्य रेराकडे पडताळून मगच सदस्य करावे. फक्त जुन्या घरांचे व्यवहार करणाऱ्यांसाठी दोन सदस्यांची हमी पुरे. आपल्याकडे महारेराने 2023 पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. प्रवेशाची तीही कसोटी होऊ शकते.

पण रेराची चाळण सगळ्यांना अडवत नाही. मूळ कायद्यात 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा 8 सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे, आणि राज्यांना ही मर्यादा खाली आणता येते. 500 चौरस मीटर म्हणजे जवळपास साडेसात कट्ठे. गल्लीबोळातले लहान भूखंड याहून पुष्कळ छोटे असतात. खिदिरपूरला लागून असलेल्या गार्डन रीचमध्ये मार्च 2024 मध्ये बेकायदा बांधकाम चालू असलेली पाच मजली इमारत शेजारच्या झोपड्यांवर कोसळली आणि माणसे मेली. अशा इमारतीबद्दल गल्लीतल्या दलालाला आधी कुणकुण लागते. ती लिहून ठेवायला जागा हवी, आणि लिहिणाऱ्याला संरक्षणही हवे.

एक गोष्ट मात्र आजच थांबवा. मालकाचे आधार कार्ड आणि खरेदीखताचे फोटो समूहात टाकू नका. 2023 च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने याबाबत जबाबदारी घातली आहे, आणि कायदा नसता तरी हे चुकीचेच होते.

तुम्ही पुण्यात, ठाण्यात किंवा नागपुरात हा व्यवसाय करत असाल, तर आपल्या समूहात एक प्रयोग करून पाहा. मागच्या दिवाळीत एखाद्या इमारतीच्या कागदपत्रांबद्दल आलेला निरोप दोन मिनिटांत सापडतो का? नाही सापडला, तर जागा बदला.