बंगळूरचा कर्नाटक संघ

पाश्चात्य विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या बंधुसंघांची प्रथा फार जुनी आहे. अमेरिकेत, व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी १७७६ च्या डिसेंबरात ‘फाय बीटा कापा’ हा संघ स्थापिला. नाव ग्रीक अक्षरांचे, आणि चर्चा केवळ सभासदांपुरती, असे त्याचे प्रारंभीचे रूप होते.

आपल्या देशातील विद्यार्थी एकत्र आले ते निराळ्या गरजेपोटी. मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ साली ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली व पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा उघडल्या. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातील कर्नाटक संघ याच परंपरेतला होय.

१८५८ साली हायस्कूल म्हणून निघालेली ही संस्था १८७५ मध्ये सेंट्रल कॉलेज झाली. आरंभी ती मद्रास विद्यापीठाशी संलग्न होती. १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ स्थापन होताच ती त्याचा एक आधारस्तंभ बनली. परंतु अध्यापन सारे इंग्रजीतून चाले. परीक्षा इंग्रजीत, नोकरीही इंग्रजीच्या बळावर. मग घरच्या भाषेत विचार करण्याची सवय तरुणांना लागावी कशी?

हा प्रश्न ए. आर. कृष्णशास्त्री या अध्यापकांनी मनावर घेतला. विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी कर्नाटक संघ उभा केला, आणि १९१९ साली ‘प्रबुद्ध कर्नाटक’ हे त्रैमासिक सुरू झाले. एखाद्या कॉलेजच्या मंडळाने चालविलेले हे नियतकालिक आधुनिक कन्नड साहित्याचे एक प्रमुख व्यासपीठ ठरले आणि पुढे म्हैसूर विद्यापीठाने ते आपल्याकडे घेतले. शास्त्रीबुवांचा व्यासंगही असाच व्यापक होता. महाभारत सुबोध कन्नड गद्यात आणणारा त्यांचा ‘वचन भारत’ घरोघरी वाचला गेला; बंकिमचंद्रांवरील ग्रंथास १९६१ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. स्वभाषेचा हा अभिमानी बंगाली साहित्यही तितक्याच आस्थेने अभ्यासीत होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

कवी जी. पी. राजरत्नम् यांनी हे कार्य पुढे चालविले. ‘रत्नन पदगळु’ या काव्यात साध्या माणसाची बोली आणणाऱ्या या कवीने कॉलेजातील अनेक नवख्या लेखकांना लिहिते केले.

१९६४ साली बंगळूर विद्यापीठ निघाले आणि कॉलेज त्यात गेले. घड्याळाच्या मनोऱ्याची ती जुनी दगडी वास्तू आता बंगळूर शहर विद्यापीठाच्या आवारात उभी आहे.

संघाला गुप्त खूण नव्हती, की निवडकांसाठी राखलेले दार नव्हते. पाठ्यपुस्तकाबाहेर एकत्र बसावे, आपल्या भाषेत लिहावे आणि लिहिलेले चारचौघांपुढे ठेवावे, एवढाच त्याचा नेम. आपली मुलेमुली आज परभाषेतून शिकत आहेत. त्यांना उत्तम इंग्रजी अवश्य यावी. पण जे शिकलो ते आजीला तिच्या भाषेत सांगता येते का, असे त्यांना घरी अधूनमधून विचारावयास काय हरकत आहे?