उत्तर न आलेला निरोप

मागील पावसाळ्यांत एके सायंकाळीं आम्हीं कल्याण स्थानकाबाहेर भाजी घेतली व 60 रुपये मोबाइलवरून दिले. आमच्या खात्यांतून रक्कम वजा झाली. पण भाजीवाल्या मावशींचें यंत्र बोलेना. "सर, पैसे आले नाहींत," असें त्या म्हणाल्या. आम्हीं पुन्हां पैसे दिले. थोड्या वेळानें दोन्ही रकमा त्यांस पोंचल्या. मावशींनीं 60 रुपये प्रामाणिकपणें परत केले; परंतु चूक कोणाची?

दोन बँकांचीं संगणकयंत्रें निराळीं असतात. एकीस दुसरीची वही दिसत नाहीं. निरोप धाडूनच काम चालतें. 2016 सालीं सुरू झालेल्या यूपीआय पद्धतींत हे निरोप नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ही संस्था मध्यें राहून पोंचविते. नाशिककडील व पुण्याकडील रेल्वेमार्ग कल्याणास मिळतात, तशीच ही योजना होय. 10 बँका एकमेकींस थेट जोडावयाच्या तर 45 वाटा लागतील. मध्यस्थ असतां 10 पुरतात.

आतां, निरोप धाडला व उत्तर आलें नाहीं, तर काय समजावें? काम झालें नसेल. किंवा काम होऊन केवळ उत्तर वाटेंत हरवलें असेल. धाडणाऱ्यास हा भेद कळत नाहीं. म्हणून प्रत्येक निरोपास स्वतंत्र क्रमांक देतात. त्याच क्रमांकाचा निरोप पुन्हां आला, तर घेणारें यंत्र रक्कम दुसऱ्यांदा जमा न करितां पहिलेंच उत्तर परत धाडतें. पैसे एकीकडे वजा होऊन दुसरीकडे जमा झालेच नाहींत, तर उलट नोंद करून ते परत देतात. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाप्रमाणें व्यक्तीस धाडलेले असे पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत व दुकानदारास दिलेले पांच दिवसांत परत आले पाहिजेत. पुढील प्रत्येक दिवसास 100 रुपये भरपाई आहे. अशा अनेक युक्ती ग्रेगर होप व बॉबी वूल्फ यांनीं 2003 सालच्या आपल्या ग्रंथांत एकत्र मांडल्या आहेत.

मग आमचे पैसे दोनदां कां गेले? यंत्रानें तोच निरोप पुन्हां धाडला असता, तर क्रमांक तोच राहिला असता. आम्हीं नव्यानें पैसे दिले, म्हणून नवा क्रमांक पडला व यंत्रानें तें दुसरें काम मानलें. चूक आमचीच होती.

विद्यार्थिमित्रहो, घरच्या कष्टाचे पैसे तुमच्या हातीं असतात. उत्तर आलें नाहीं, तर आधीं पहिल्या व्यवहाराची नोंद उघडून पाहा. 'प्रलंबित' असें दिसल्यास थांबा. उत्तर न येणें म्हणजे नकार नव्हे, एवढें ध्यानांत ठेवा.