महाशीरसाठी काठी घेताना

बंगळुरूच्या दुकानात गळाचे सामान घ्यायला गेलेला नवशिका बहुधा एकच प्रश्न विचारतो, ‘सर्वांत चांगली काठी कोणती?’ याचे उत्तर दुकानात नसते, नदीवर असते. अमेरिकेत मिनेसोटाची तळी हिवाळ्यात गोठतात. तिथे बर्फाला भोक पाडून वॉलआय नावाचा मासा पकडणाऱ्यांची काठी जेमतेम दोन-सव्वादोन फुटांची असते. मासा पायाखालीच असल्यावर लांब काठी हवी कशाला? कावेरीवर मात्र ती खेळण्यातलीच वाटेल.

बंगळुरूपासून सुमारे १०० किलोमीटरवर, भीमेश्वरीला कावेरी खडकांमधून धावते. इथला राजा महाशीर. १९४६ मध्ये म्हैसूरच्या डी वेट व्हॅन इंगेन यांनी पकडलेला महाशीर १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा होता! गळ लागताच हा मासा प्रवाहाबरोबर सुसाट पळतो आणि खडकाआड शिरतो. धारेला दोरा घासला की संपले. म्हणून अशा पाण्यासाठी दहा ते बारा फुटांची काठी घेतात. तिने दोरा खडकांच्या वर उचलून धरता येतो. जुनी काठी घेत असाल तर कापसाचा बोळा तिच्या कड्यांतून फिरवून पाहा. कापूस अडकला, तर तिथे तडा आहे आणि तोच पुढे दोरा कापणार.

पैसे मोजकेच असतील तर काटकसर काठीत करा, रिळात नको. मल्टिप्लायर रिळात ओढण्याची ताकद मोठी, पण फेकताना अंगठा चुकला की दोऱ्याचा असा गुंता होतो, की अर्धी सकाळ तो सोडवण्यातच जाते! नवख्याला स्थिर चकतीचे स्पिनिंग रीळच बरे. त्यावर पंधरा किलो ताणाचा तंगुसाचा दोरा निदान दोनशे मीटर मावला पाहिजे. ‘ड्रॅग’ म्हणजे रिळाचा ब्रेक. तो दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांश इतका लावतात. अंदाज नको, रद्दीवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा दोऱ्याला अडकवून ओढा. चार-साडेचार किलोंवर रीळ सुटू लागले, की झाले.

हलक्या सामानावर मोठा मासा खेळवण्यात काहींना मर्दुमकी वाटते. पण तासभर झुंजून थकलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो. कावेरीतला कुबड्या महाशीर म्हणजे ‘टॉर रेमादेवी’, हे २०१८ मध्ये निश्चित झाले आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त जातींत झाली. या नदीत नंतर सोडलेला निळ्या पराचा महाशीर आपल्याकडचा. लोणावळ्याच्या वळवण येथील टाटांच्या केंद्रात त्याची पैदास झाली. कुबड्याच्या ऱ्हासाला हा पाहुणाही कारणीभूत असल्याचे अभ्यासक मानतात.

कावेरी अभयारण्यातली गळाची मासेमारी २०१० नंतरच्या काळात बंद करण्यात आली. तेव्हा आधी पाणी ठरवा, वन आणि मत्स्य खात्याकडे परवान्याची चौकशी करा, मगच दुकानाची पायरी चढा. गळ उलट्या काट्याशिवायचाच घ्या, तो चटकन निघतो. मासा पाण्याबाहेर काढू नका. तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांनी त्याला आधार द्या. यात कधी दहा मिनिटेही जातात. शेपटी मारून तो आपणहून निघाला, की हात काढा.