मधाचा थेंब आणि वितळलेली घड्याळे

अतिवास्तववादी चित्रांचा विषय निघाला की आपल्या घरांत बहुधा एकच प्रश्न उमटतो : यात समजायचे काय? फांदीवर ओल्या कपड्यासारखी वाळत घातलेली घड्याळे पाहून असे वाटावे, यात नवल नाही. नवल याचे, की मंदिरजीच्या भिंतीवर रंगवलेल्या मधुबिंदूच्या चित्रासमोर हा प्रश्न आपण कधी विचारला नाही.

ते चित्र आठवून पाहावे. वडाच्या झाडाला एक माणूस लोंबकळतो आहे. खाली अंधारी विहीर, तळाशी आ वासलेला अजगर, चार बाजूंना फणा काढलेले चार नाग. पांढरा आणि काळा असे दोन उंदीर त्याचा आधार कुरतडत आहेत. वर मदोन्मत्त हत्ती झाडाला धडका देत आहे, उठलेल्या मोहोळाच्या माश्या अंगाला डसत आहेत. आणि हा गृहस्थ? तोंड वर करून ओठांवर पडणारा मधाचा थेंब चाटण्यात दंग! प्रत्येक वस्तू ओळखीची; मांडणी मात्र स्वप्नातली.

पॅरिसमध्ये 1924 साली आंद्रे ब्रेताँ याने अतिवास्तववादाचा जाहीरनामा लिहिला, तेव्हा स्वप्न आणि जागृती यांची सांगड घालणे हेच त्याचे उद्दिष्ट होते. साल्वादोर दाली याचे वितळत्या घड्याळांचे चित्र 1931 सालचे. जगभर गाजलेले हे चित्र प्रत्यक्षात अवघे 24 सेंटिमीटर उंच व 33 सेंटिमीटर रुंद, म्हणजे आपल्या जेवणाच्या ताटाएवढे आहे.

मग दोन्ही एकच का? तसे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. तीर्थंकरांच्या मातेला पडलेली स्वप्ने, दिगंबर परंपरेत सोळा आणि श्वेतांबर परंपरेत चौदा, आपण जाणतो. त्यांतील प्रत्येकाचे फल सांगितलेले आहे. मधुबिंदूचेही तसेच. संघदासगणींच्या ‘वसुदेवहिंडी’त, हरिभद्रसूरींच्या ‘समराइच्चकहे’त आणि हेमचंद्राचार्यांच्या ‘परिशिष्टपर्वा’त हा दृष्टांत येतो. हत्ती म्हणजे मृत्यू, अजगर म्हणजे नरक, चार नाग म्हणजे क्रोध, मान, माया, लोभ; दोन उंदीर म्हणजे आयुष्य कुरतडणारे शुक्ल आणि कृष्ण पक्ष; माश्या म्हणजे व्याधी; मध म्हणजे विषयसुख. दालीच्या घड्याळांना अशी किल्ली नाही. फ्रॉइडच्या विचाराने भारलेल्या त्या चित्रकारांना स्वप्नाचे फल नको होते, स्वप्नच हवे होते.

पण किल्ली हाती असूनही मधुबिंदूचे चित्र संपत नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. विमानातून आलेला विद्याधर हात पुढे करतो आणि माणूस म्हणतो, एवढा एक थेंब घेऊन येतो. अर्थ पाठ असलेल्या आपल्यापैकी कितीजण याहून वेगळे उत्तर देतील? अर्थ कळणे आणि चित्र अंगावर येणे या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी चित्रासमोर काही वेळ उभे राहावेच लागते.

ही कथा देशोदेशी फिरली. अरबी, ग्रीक, लॅटिन असा प्रवास करीत ती इटलीतील पार्मा शहरी पोहोचली. 1196 साली बांधकाम सुरू झालेल्या तेथील बाप्तिस्मागृहाच्या दक्षिण दरवाजावर ती दगडात कोरलेली आहे : झाडावर मध खाणारा माणूस, खाली ज्वाळा ओकणारा सर्प, मुळे कुरतडणारे दोन प्राणी आणि दोन्ही बाजूंना सूर्य व चंद्र. रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही ती दिसते.

सार्वजनिक कला म्हणजे चौकातील पुतळा, ही समजूत यासाठी सोडली पाहिजे. नाशिककरांनी तर नक्कीच. पांडवलेण्यांतील अकराव्या लेण्यात जैन मूर्ती आहेत; मनमाडजवळील अंकाईच्या जैन लेण्यांत इंद्र आणि अंबिका आहेत, छतावर कमळ कोरलेले आहे. मांगीतुंगीला 108 फुटी ऋषभदेव 2016 पासून डोंगरातून उभे आहेत. तिथे आपण दर्शन घेतो आणि निघतो. अंकाईला मान वर करून ते कमळ पाहणारे थोडेच.

आधुनिक चित्रांकडे वळायचे तर आपल्याच भाषेत वाट आहे. प्रभाकर बरवे (1936–1995) यांच्या चित्रांत पान, घड्याळ, ढग अशा साध्या वस्तू रिकाम्या अवकाशात तरंगताना दिसतात. त्यांना सरळ अतिवास्तववादी म्हणता येणार नाही, तरी वस्तूंकडे पाहण्याची त्यांची शिस्त ‘कोरा कॅनव्हास’ या मराठी पुस्तकातून कळते. मुलांना दालीआधी बरवे दाखवावेत, असे माझे मत आहे. आणि बरव्यांआधी मधुबिंदू.

मात्र त्यासाठी ते चित्र भिंतीवर उरले पाहिजे. जीर्णोद्धारात जुन्या रंगकामावर संगमरवर चढतो किंवा चकचकीत रंगाचा हात फिरतो. भावना शुद्धच असते. पण अनाम चित्रकाराने काढलेला उंदराचा बारीक दात त्याखाली कायमचा जातो. आपल्या गावच्या मंदिरजीत असे चित्र असेल, तर काम सुरू होण्याआधी विश्वस्तांकडे एवढी विनंती करावी : भिंत आहे तशी राखता येईल का, हे जाणकार संवर्धकाला विचारावे, आणि तोवर चांगल्या उजेडात तिची छायाचित्रे काढून ठेवावीत.